गरम इंजिनाची सुई

पहाटे ५.३०

शटर वर केलं तेव्हा डहाणूच्या माझ्या शेडमधली जीप रात्रभराची गार पडलेली होती, आणि मला तेच हवं होतं. घोलवडच्या बाजूच्या एका चिकूवाडीची ही सीजे-थ्री-बी. काल संध्याकाळी मालक स्वतः घेऊन आले. तक्रार एवढीच की गाडी तापली की तेलाची सुई खाली बसते. त्यांना म्हटलं, शेठ, गाडी आज इथेच राहू द्या, आणि सकाळी मी येईपर्यंत कुणी स्टार्टर मारायचा नाही. ऑइल प्रेशरचं दुखणं शोधायचं तर गार इंजिनाचा आकडा आपल्या डोळ्यांनी बघावा लागतो. एकदा इंजिन तापलं की तो आकडा दुसऱ्या दिवसापर्यंत हाती लागत नाही.

हाताखालचा पोरगा तलासरीकडचा, आयटीआयला मोटर मेकॅनिक करून आलेला. पहाटेच्या कामाला तो न बोलावता येतो, कारण या वेळी मला समजावून सांगायला सवड असते. दिवसभर फोन आणि गिऱ्हाइकं असतात.

आधी डिपस्टिक. पुसली, घातली, काढली. लेव्हल खुणेवर. खुणेच्या वर असती तर मला जास्त काळजी वाटली असती. या इंजिनाचा पेट्रोलपंप ब्लॉकच्या अंगाला बसतो आणि कॅमवर चालतो. त्याचा पडदा फाटला की पेट्रोल गुपचूप खालच्या तेलाच्या चेंबरमध्ये उतरतं. तेल पातळ होतं आणि लेव्हल मात्र चढते, आणि मालकाला वाटतं गाडी तेल खात नाही. म्हणून काडी नाकाशी धरायची. पेट्रोलचा वास नाही. तेल दुधाळ नाही, म्हणजे पाणीही शिरलेलं नाही. पण चिमटीत घेऊन बोटं फाकवली तर तार येते. हे तेल नको इतकं घट्ट आहे. कुणीतरी घट्ट करायचं औषध ओतलंय, नाहीतर गिअरचं नव्वद नंबर मिसळलंय.

पोऱ्याला सांगितलं, वहीत लिही. तेल घट्ट, कारण माहीत नाही.

सकाळी ६.१५

डॅशबोर्डवरच्या गेजवर मी निदान करत नाही. गाडीइतकंच ते गेजही जुनं असतं. त्याची तांब्याची बारीक नळी कुठे दबलेली असते, कुठे गाळाने बुजलेली असते, आणि मग सुई खरं सांगत असली तरी उशिरा सांगते. माझं स्वतःचं गेज वेगळ्या पेटीत, कापडात गुंडाळून ठेवलेलं असतं. ते कुणाला उसनं देत नाही. सोबत जोडांचा डबा लागतो, कारण जीपला अमेरिकी आटे आणि अ‍ॅम्बॅसेडरच्या तेलाच्या जोडाला इंग्रजी आटे. एकाचा जोड दुसऱ्यात दोन फेरे बसतो आणि मग ब्लॉकचे आटे घेऊन बाहेर येतो.

गेज लावलं, स्टार्टर मारला. सुई चढली ती थेट ६२ पौंडांवर.

पोरगा खूश झाला. “एकदम मस्त आहे की!”

मस्त नाही. या इंजिनाच्या पंपात रिलीफ व्हाल्व आहे. प्रेशर ४० पौंडांच्या आसपास गेलं की तो उघडतो आणि जास्तीचं तेल परत सोडतो. गार, घट्ट तेलाला सुई थोडी वर जाईल हे मान्य, पण ६२ म्हणजे व्हाल्व अडकलाय किंवा कुणी त्याला अडवून ठेवलाय. तक्रार सुई पडण्याची, आणि सकाळी सापडला तो सुई जास्त चढण्याचा पुरावा. ही विसंगती मी डोक्यात ठेवली. आजच्या दिवसाचा पहिला धागा तोच.

या इंजिनाबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत. विलीसने १९५३मध्ये हे मॉडेल काढलं तेव्हा त्यात जे इंजिन बसवलं, त्याचे इनटेक व्हाल्व वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हाल्व ब्लॉकमध्येच. इंजिन उंच झालं, म्हणून बॉनेट उंच करावं लागलं. सीजे-थ्री-बी लांबून ओळखू येते ती त्या बॉनेटमुळे. महिंद्राने हीच गाडी परवान्यावर आपल्याकडे वर्षानुवर्षं बनवली. चार सिलिंडर, २१९९ सीसी, मेन बेअरिंग तीन. पुढे डिझेल परवडतं म्हणून कितीतरी जीपांची पेट्रोल इंजिनं उतरली आणि भंगारात गेली. जी उरली ती कुणाच्या तरी मायेमुळे उरली. ही जीप आजही वाडीत चिकूचे क्रेट ओढते, म्हणून तिचं दुखणं मला जास्त तातडीचं वाटतं.

सकाळी ७

इंजिन जागेवर तापवून भागत नाही. टेंपरेचरचा काटा पाण्याचं सांगतो. पाणी लवकर तापतं, तेल मागून तापतं. तेल खरं तापायला गाडी अर्धा तास तरी अंगावर ओझं घेऊन चालली पाहिजे. गेज लांब नळीने आत घेतलं, पोऱ्याच्या हातात दिलं आणि नरपड, चिखले करत घोलवडचा रस्ता धरला. एका बाजूला सुरूची झाडं आणि समुद्र, दुसऱ्या बाजूला वाड्या. ऊन अजून कोवळं होतं पण हवा जड झालेली.

पोरगा आकडे ओरडत होता. पन्नास. बेचाळीस. पस्तीस. चिखले ओलांडताना तीस. घोलवडहून परत फिरलो तेव्हा ताशी ३५ मैलांना १९, आणि गाडी बाजूला घेऊन आयडलवर सोडली तेव्हा ४.

जीपच्या पुस्तकात या इंजिनासाठी खालची मर्यादा दिलेली आहे: आयडलला ६ पौंड आणि ताशी ३५ मैलांना २०. म्हणजे ही गाडी दोन्हीकडे मर्यादेखाली. आणि हे औषध घालून घट्ट केलेल्या तेलावर. साधं २०-डब्ल्यू-४० असतं तर सुई आणखी खाली असती. साधारण असं धरा, की ४० अंशांना हे तेल जितकं घट्ट असतं त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकंच १०० अंशांना उरतं. गार इंजिनात तेलाचा घट्टपणा सगळे दोष झाकतो. तापल्यावर झाकायला काही उरत नाही.

सकाळी ८.३०

परत आलो तर शेडसमोर बंदरावरचे एक तांडेल उभे. १ जूनपासून मासेमारी बंद होते, बोटी किनाऱ्याला लागतात, आणि मग दोन महिने बोटींच्या इंजिनांची कामं निघतात. त्यांना या आठवड्याची तारीख हवी होती. वहीत बघून पुढच्या सोमवारची दिली. त्यांनी चालू जीपकडे कान दिला आणि म्हणाले, “खालून बोलतंय.”

बरोबर होतं. मी लाकडी दांडा ब्लॉकला लावून कान टेकवला. बिग एन्डचं बेअरिंग सैल असलं की अ‍ॅक्सिलरेटर सोडताना ते खडखडतं. मेन बेअरिंग सैल असलं की ओझं घेताना खोल, जड ठोका येतो. पक्कडीने एकेका प्लगची वायर काढून बघितली. तिसऱ्याची काढली की वरचा हलका आवाज थांबत होता. खालचा जड ठोका दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये कुठेतरी, आणि वायर काढून तो पुरता जात नव्हता.

इथे पोऱ्याला थांबवून समजावलं. हे नीट कळल्याशिवाय त्याने पुढे पाना धरू नये असं मला वाटतं.

ऑइल पंप प्रेशर तयार करत नाही. पंप फक्त तेल ढकलतो. ढकललेल्या तेलाला बाहेर पडायला वाट अरुंद असली की प्रेशर उभं राहतं. क्रँकची जर्नल आणि बेअरिंग यांच्यातली फट ही ती वाट. वाडीतली ठिबकची नळी घे. पंप तोच, पाणी तेवढंच, पण पहिल्या दहा झाडांची भोकं मोठी केलीस तर शेवटच्या झाडाला थेंब पोचणार नाही. पंप बदलून काय होणार? आणि फटीचा हिशेब सरळ नाही. फट दुप्पट झाली तर तेल दुप्पट नाही, आठपट सुटतं. दोन हजारांश इंचाची फट चारची झाली, डोळ्याला काही दिसणार नाही, पण तेल आठपट वाहून गेलं. म्हणून जुनं इंजिन बराच काळ ठीक चालतं आणि मग एका उन्हाळ्यात एकदम सुई बसते.

दुसरी खूण आकड्यांची. आयडलला पडतं आणि रेस केल्यावर बऱ्यापैकी उठतं, तर बहुधा फटी वाढल्यात. आयडलला ठीक आणि वेगात पडतं, तर पंपाला तेल मिळत नाहीये, जाळी बुजलीय किंवा पंप हवा ओढतोय. आपली जीप आयडलला ४ आणि वेगात १९. तर मग शंका कुणावर?

“बेअरिंगवर,” तो म्हणाला. पण मी लगेच चेंबर खोलायला दिलं नाही. आधी स्वस्तातली कारणं संपवायची. इंजिन उतरवणं हा मालकाच्या खिशावरचा मोठा घाव आहे, आणि तो घालायचा असेल तर माझ्याकडे कारण पक्कं हवं.

सकाळी ९.३०

पहिलं स्वस्त कारण फिल्टर. या इंजिनाचा फिल्टर बायपासचा. सगळं तेल त्यातून जात नाही, थोडं जातं आणि चेंबरमध्ये परत पडतं. त्या वाटेवर मुद्दाम बारीक भोक ठेवलेलं असतं. मूळचा जोड हरवला म्हणून कुणी नळाच्या दुकानातला मोठ्या भोकाचा जोड लावला, तर तेल सरळ फिल्टरमधून चेंबरमध्ये ओतलं जातं आणि गरम आयडलला सुई पडते. अशी इंजिनं विनाकारण उतरवलेली मी पाहिलीयत. तपासायला पाच मिनिटं लागतात. फिल्टरची लाइन बुचाने बंद केली, इंजिन गरम होतंच, चालू केलं. ४ चे ५ झाले. म्हणजे जोड ठीक आहे, दोष दुसरीकडे.

दुसरं, रिलीफ व्हाल्व. पंप ब्लॉकच्या बाहेरच्या अंगाला आहे, व्हाल्वचं बूच बाहेरून उघडतं. उघडलं. स्प्रिंगमागे तीन लोखंडी वायसर.

कारखान्यानेही तिथे पातळ शीम घालून प्रेशर बेताने लावायची सोय दिलेली आहे, पण हे जाड वायसर कुणीतरी सुई उचलण्यासाठीच ठोकून बसवलेले. सकाळच्या ६२ पौंडांचा उलगडा इथे झाला. ज्याने हे केलं त्याला एक गोष्ट ठाऊक नव्हती, किंवा ठाऊक असून त्याने केलं: हा व्हाल्व फक्त वरची मर्यादा ठरवतो. गरम आयडलला प्रेशर ४ पौंड असताना व्हाल्व बंदच असतो, त्याला आणखी दाबून काही मिळत नाही. वायसर काढले, मूळची शीम लावून बूच बंद केलं, इंजिन परत चालू केलं. आयडलला ४. तेच. फरक पडला असेल तर तो गार इंजिनात. बंद गाडी विकायला उभी असताना, गिऱ्हाईक पहिला स्टार्टर मारतं तेव्हा सुई ६० दाखवते, एवढाच त्या तीन वायसरांचा उपयोग. घट्ट तेलही त्याच कामाचं. ही फसवणूक आहे असं मी मानतो, आणि तिचा त्रास विकणाऱ्याला कधीच होत नाही. दरम्यान गार इंजिनात रोज सकाळी ६२ पौंड, म्हणजे पंपाच्या गिअरवर आणि जोडांवर नाहक ताण.

वायसर मी पिशवीत घालून ठेवले. मालकांना दाखवायचे होते.

मग तेल गरम होतं तेव्हाच पोऱ्याला चेंबरचं बूच सोडायला सांगितलं. गरम तेलात घाण तरंगत असते, ती तेलाबरोबर निघते. खाली स्वच्छ तसराळं, त्यावर धुतलेलं पांढरं कापड. पूर्ण निथळू दे, घाई नको. आणि मी निघालो.

सकाळी १०.३०

तलासरीहून कालपासून फोन होता. एका निवृत्त शिक्षकांची अ‍ॅम्बॅसेडर, वडिलांनी घेतलेली, जुन्या १४८९ सीसीच्या पेट्रोल इंजिनाची. आयडलला तेलाचा लाल दिवा लागलेला राहतो. एका गॅरेजने इंजिन खोलायला सांगितलंय. सरांनी गाडी उभी करून ठेवली आणि मला फोन केला. लाल दिवा लागल्यावर गाडी न चालवणं हे त्यांनी सगळ्यात शहाणपणाचं केलं.

आशागड, चारोटी, मग मुंबई-अहमदाबाद हायवे. चारोटीनंतर विवळवेढ्याचं महालक्ष्मीचं देऊळ आणि मागे मुसळ्या डोंगर. चैत्रातली जत्रा होऊन गेली तरी रस्त्याला गर्दी असतेच, सुट्टीतले लोक गुजरातकडे जात असतात. हायवेवर मोटरसायकल चालवताना मी डावी कड सोडत नाही. आच्छाडच्या नाक्याकडे जाणाऱ्या कंटेनरांच्या रांगा फार वेगात असतात.

दुपारी १२

सर अंगणात वाट बघत होते. “या मिस्त्री. खरंच खोलावं लागेल का?”

“बघून सांगतो, सर. आत्ताच काही बोलत नाही.”

दिव्याच्या स्विचची वायर काढली, चावी फिरवली. दिवा विझलेला. म्हणजे वायर कुठे बॉडीला लागत नाहीये. स्विच काढून त्या जागी माझं गेज लावलं. गाडी अंगणात नीट तापू दिली, नंतर गावाबाहेर फेरी मारून आणली. वेगात ५०, गरम आयडलला १८. या इंजिनाला याहून वेगळं काय हवं? इंजिन निरोगी आहे, स्विच मेलाय. आतला पडदा थकला की तो प्रेशर असतानाही दिवा लावून ठेवतो. डब्यात एक नवा होता, तो बसवला. इंजिन चालू झाल्यावर दिवा क्षणात विझला.

सरांना मात्र एक गोष्ट बजावून सांगितली. हा दिवा फक्त प्रेशर अगदी तळाला गेल्यावर लागतो. दिवा लागला नाही म्हणजे तब्येत चांगली, असं नाही. इंजिन हळूहळू झिजत असतं तेव्हा दिवा गप्प असतो. जुनी गाडी जपायची असेल तर स्विचच्या जागी टी-जोड लावून एक साधं गेज कायमचं बसवून घ्या, आणि महिन्यातून एकदा गरम आयडलचा आकडा डायरीत लिहा. एका आकड्यापेक्षा वर्षभराचे आकडे जास्त सांगतात. सर शिक्षकच, त्यांनी तिथेच वही काढून तारीख घालून १८ लिहिले.

निघताना त्यांनी ताडगोळे दिले, सोललेले, गार. तिथेच उभ्याने खाल्ले.

दुपारी २.१५

चारोटीला भाजी-भाकरी खाऊन परत आलो तोवर पोऱ्याने कापड वाळत टाकलेलं. काही न बोलता ते त्याने उन्हात धरलं. कापडावर बारीक चमक होती, राखाडी, मधून तांबूस. लोहचुंबक फिरवलं, काही चिकटलं नाही. म्हणजे ही चमक लोखंडाची नाही, बेअरिंगची आहे. बेअरिंगच्या पोलादी पाठीवर मऊ धातूचे थर असतात. वरचा राखाडी थर जाऊन खालचा तांबूस दिसू लागला की त्याचं आयुष्य संपलं. पोऱ्याने लोहचुंबकाची तपासणी आधीच करून ठेवली होती, मला फक्त करून दाखवत होता. मला फार बरं वाटलं.

चेंबर उतरवला. तळाला काळा गाळ बोटभर. या इंजिनात तेल ओढणारी जाळी तरंगती आहे, तेलाच्या वरच्या थरातून ओढते, तळाचा गाळ घेत नाही. सुंदर कल्पना आहे ही, आणि ज्याने केली त्याला कच्च्या रस्त्यांवरच्या धुळीची जाण होती. पण जाळीत निळसर रबरासारखे तुकडे अडकलेले. मागच्या वेळी कुणी गॅस्केटला सिलिकॉन थापलं, दाबल्यावर ते आतल्या बाजूने बाहेर आलं, सुकलं, तुटलं आणि जाळीत जाऊन बसलं. गॅस्केटला सिलिकॉन लावायचंच तर नखाच्या कडेइतकं लावावं. इथे ते जाळीचा चौथा हिस्सा बुजवून बसलं होतं. आपल्या आजच्या दुखण्याचं कारण ते नव्हे, पण पुढच्या वर्षी झालं असतं.

पंपही काढून बघितला. या गाडीत पंप काढताना एक पथ्य आहे. डिस्ट्रिब्युटर पंपाच्याच शाफ्टवर चालतो. पंप ओढला की इग्निशनचं टायमिंग गेलं. म्हणून आधी पहिला सिलिंडर फायरिंगच्या टोकाला आणायचा, रोटरची दिशा खडूने आखायची, मग पंपाला हात लावायचा. पंपाचं झाकण काढून वर पट्टी ठेवली, खाली फिलर सरकवलं. चार थाऊच्या आत. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. झाकण सपाट, रोटर चांगले. पंप निर्दोष. पंप बदलायला सांगून मोकळा होणारा माणूस इथे हजारो रुपये घेऊन गेला असता आणि सुई ४ वरच राहिली असती.

दुपारी ३.३०

आता मोजमाप. मधल्या मेन बेअरिंगची कॅप सोडली, क्रँकला खालून जॅकचा हलका आधार दिला, नाहीतर तिच्या वजनाने फट वरच्या बाजूला जाते आणि खाली शून्य दिसतं. जर्नल कोरडी पुसली. तिच्यावर लाल प्लास्टिगेजचा दोरा आडवा ठेवला. हिरवा बारीक फटींसाठी, लाल २ ते ६ थाऊंसाठी. कॅप बसवली, टॉर्क पान्याने ७० पौंड-फूट, आणि पोऱ्याला सांगितलं, आता क्रँक तसूभर फिरवायची नाही. परत कॅप सोडली. चेपलेला दोरा कागदी पट्टीशी लावून बघितला. जितका रुंद चेपला तितकी फट कमी. हा फारसा चेपलाच नव्हता.

५ थाऊ.

एक इंच व्यासाला साधारण एक थाऊ, हा आमचा जुना हिशेब. या जर्नलचा व्यास २.३ इंच, म्हणजे अडीचपर्यंत ठीक. इथे दुप्पट. दुप्पट म्हणजे तेलाची गळती आठपट, हे सकाळी बोललो होतो, ते पोऱ्याने मला ऐकवलं. मागचं मेन बेअरिंग ४. तिसऱ्या सिलिंडरचं बिग एन्ड साडेचार, तिथे मायक्रोमीटर दोन दिशांनी लावला तर जर्नल दोन थाऊंनी अंडाकृती. सकाळचा आवाज, कापडावरची चमक, गरम आयडलचे ४ पौंड, सगळं एका ठिकाणी येऊन मिळालं. आता मी मालकांना बोलवू शकत होतो.

संध्याकाळी ४.४५

शेठ आले, खुर्ची ओढून चेंबरजवळच बसले. या गाडीत त्यांचे वडील वाडी फिरायचे, हे ते दर वेळी सांगतात आणि मी दर वेळी ऐकतो. आधी तीन वायसर त्यांच्या हातात ठेवले. मग कापड दाखवलं, मग प्लास्टिगेजचा दोरा.

“दोन वर्षांपूर्वी एकाकडे दिली होती कामाला,” ते म्हणाले. “सुई एकदम वर आली होती तेव्हा. मला वाटलं, काम छान झालं.”

मी त्यावर काही बोललो नाही. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, “मिस्त्री, नुसती नवीन बेअरिंग घालून नाय चालणार? पाऊस तोंडावर आलाय. जूनच्या आत गाडी पायजे.”

रास्त प्रश्न. जर्नल गोल असती तर मी तेच केलं असतं, नवीन स्टँडर्ड बेअरिंग खालूनच सरकवून गाडी दोन दिवसांत दिली असती. पण अंडाकृती जर्नलवर नवं बेअरिंग घातलं तर ते एका बाजूला घासतं, दुसऱ्या बाजूला सैल राहतं, आणि पावसाळा संपायच्या आत परत तिथेच. क्रँक काढून घासावी लागेल. दहा थाऊंत साफ झाली तर टेनची बेअरिंग, नाहीतर ट्वेंटीची. क्रँक अजून स्टँडर्डवरच आहे, म्हणजे पुढेही वाव आहे. कॅम बेअरिंगही तेव्हाच बघून घेऊ, कारण तेल तिथूनही सुटतं आणि इंजिन परत बांधल्यावर ते कुणाला आठवत नाही.

वेळेचं मी प्रामाणिकपणे सांगितलं. ग्राइंडिंग डहाणूत होत नाही. १९९१च्या केंद्राच्या अधिसूचनेने हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला आणि इथे कारखान्यांवर बंधनं आली. वाड्या टिकल्या, समुद्र बराच टिकला, मला ते मान्यच आहे. पण मशिनिंगच्या कामाला बोईसर गाठावं लागतं. तिथे आपला नंबर लागून क्रँक परत येईपर्यंत चार दिवस धरा, बांधायला दोन.

“आणि तोवर ती चालवली तर? थोडीशी, वाडीतल्या वाडीत?”

“नको, शेठ. ४ पौंडांवर शेवटच्या बेअरिंगला तेल पोचत नाही. एखाद्या दुपारी ते चिकटेल, कनेक्टिंग रॉड ब्लॉकमधून बाहेर येईल. आज क्रँक घासून भागतंय. तेव्हा ब्लॉक शोधत फिरावं लागेल, आणि या इंजिनाचा चांगला ब्लॉक आता मिळत नाही.”

ते जरा वेळ बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, “काढा मग. नीट करा.”

संध्याकाळी ६

साखळीचा ब्लॉक आढ्याला. रेडिएटर, वायरिंग, एक्झॉस्ट, बेलहाउसिंगचे बोल्ट. प्रत्येक वायरला चिंधी बांधून नंबर. पोरगा हे स्वतःहून करतो आता. इंजिन उचलताना मी साखळी ओढली, त्याने पुढून तोंड वळवून घेतलं. साडेसातला इंजिन स्टँडवर होतं.

ब्लॉकच्या तेलवाहिन्यांची बुचं काढली. हे न करताच नवी बेअरिंग घालणारे खूप आहेत. जुन्या बेअरिंगचा चुरा या वाहिन्यांत बसलेला असतो आणि पहिल्याच स्टार्टला तो नव्या बेअरिंगवर येतो. लांब तारेचा ब्रश, रॉकेल, मग हवा, परत ब्रश. क्रँकमधल्या आडव्या भोकांनाही तेच, पण ग्राइंडिंगहून आल्यावर, कारण घासलेल्या दगडाची पूड तिथेच साठते.

बांधून झाल्यावरची एक गोष्ट पोऱ्याला आजच सांगून ठेवली, कारण त्या दिवशी घाई असेल. पंप कोरडा बसवायचा नाही. आत व्हॅसलीन भरायचं, म्हणजे तो पहिल्या फेऱ्यालाच ओढ धरतो. प्लग काढून ठेवायचे, स्टार्टरवर फिरवायचं, सुई हलेपर्यंत. सुई हलल्यावर प्लग लावायचे आणि मगच इंजिन जिवंत करायचं. तेल साधं २०-डब्ल्यू-४०, औषध कुठलंही नाही. रिलीफ व्हाल्वला मूळचीच शीम.

रात्री ८.३०

क्रँक निघाली. रॉकेलने धुतली, तेलाचा हात फिरवला, गोणपाटात गुंडाळली. पोऱ्याने ती बाकावर आडवी ठेवली.

“आडवी नको, उभी कर. फ्लायव्हीलची बाजू खाली.”

त्याने उभी केली, खांबाला दोरीने बांधली. सकाळी सहाच्या टेंपोने तो स्वतः ती बोईसरला नेणार आहे. कागदावर मोजमापं लिहून दिली, तिन्ही मेन आणि चारही बिग एन्ड, आणि खाली ग्राइंडिंगवाल्यासाठी: टेनमध्ये साफ होत असेल तरच टेन, उगीच ट्वेंटी करू नका; कोपऱ्यांची गोलाई मूळची राखा; तेलाच्या भोकांच्या कडा मोडून द्या, धारदार सोडू नका.

“ते म्हणाले, एवढं कोण करतं, तर?”

“तर त्यांच्याजवळ बसून राहा आणि करून घेऊनच निघ. जेवणाचे पैसे घेऊन जा सोबत.”